संथ वाचणारी मुले

बडोद्याच्या मराठी घरातील मूल शाळेत जाऊ लागले की काही वर्षांतच त्याच्यापुढे तीन लिप्या येऊन उभ्या राहतात. शाळेत गुजराती, तिच्या पाठोपाठ इंग्रजी, आणि हिंदीच्या निमित्ताने देवनागरी. घरी आजीच्या आग्रहाखातर मराठी असतेच. गुजराती अक्षरे ही देवनागरीची चुलतभावंडे, पण त्यांच्या डोक्यावर शिरोरेघ नाही. त्यामुळे मूल वाचताना अडखळले, की वडीलधारी मंडळी 'लिप्यांचा गोंधळ आहे, होईल हळूहळू' असे म्हणून मोकळी होतात. पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु ज्यांच्या बाबतीत ठरत नाही, त्यांची मोलाची वर्षे ह्या एका वाक्यापायी वाया जातात.

आमचा नातू त्यांपैकीच एक. इतिहासाचा धडा वाचून दाखविला, तर प्रश्नांची उत्तरे तत्काळ देई. तोच धडा त्याच्या हाती दिला, तर अर्ध्या पानातच घामाघूम होई. आठवीत उत्तरपत्रिकेतील शेवटचे प्रश्न कोरे राहिले आणि प्रगतिपुस्तकावर 'निष्काळजी' असा शेरा आला. अखेर मानसतज्ज्ञांनी तपासून निदान केले: डिस्लेक्सिया.

ही गोष्ट काही आजची नव्हे. १८९६ साली डॉ. प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्रज वैद्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा बुद्धिमान, बीजगणितात तरबेज. पण साधे शब्द वाचता येईनात. सारे शिक्षण तोंडी असते, तर शाळेत हाच सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते!

इंग्रजीत हा दोष चुकांमधून चटकन दिसतो. आपल्या लिप्यांत उच्चार बहुतांशी लिहिल्याप्रमाणे असल्याने मूल धडपडत का होईना, बरोबर वाचते, आणि दोष संथपणात दडून राहतो. त्यातून घ-ध, भ-म ह्यांचे सारखेपण, जोडाक्षरे आहेतच. ऱ्हस्व वेलांटी तर व्यंजनाच्या आधी लिहावयाची आणि मागाहून उच्चारावयाची.

अशा मुलाला 'भरभर वाच' म्हणून काही साधत नाही. आम्ही प्रथम घड्याळ लावून मोजले: मिनिटाला ४५ शब्द. म्हणजे ३०० शब्दांच्या पानाला सुमारे सात मिनिटे, आणि १२ पानांच्या धड्याला ८० मिनिटे. वेळापत्रक ह्या आकड्यावरून आखले, शेजारच्या मुलावरून नव्हे. मग विषय समजणे आणि वाचनाचा सराव ही दोन कामे वेगळी केली. धडे त्याची आत्या मोबाइलवर वाचून ठेवते; तो पुस्तक उघडे ठेवून, ओळीखाली बोट फिरवीत ऐकतो. इतिहासाचे टिपण म्हणजे सनावळीची एक लांब रेघ आणि तिच्यावर चित्रे. उताऱ्यावरील प्रश्न आधी वाचायचे, उतारा नंतर.

सराव निराळा, रोज दहाच मिनिटे. सॅम्युएल्स ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेली पुनर्वाचनाची रीत आम्ही धरली: एकच छोटा उतारा, तीन-चार वेळा, ओघ येईपर्यंत. दर खेपेचा वेळ वहीत टिपावयाचा. चौथ्या खेपेचा आकडा पाहून तो स्वतःच हसतो. नव्या उताऱ्यावर मात्र वेग फार सावकाश वाढतो; घाईने वाढविण्याची हमी देणाऱ्या वर्गांपासून आम्ही तरी दूरच राहिलो. पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचावयास लावणे तर घरात बंदच आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेला दर तासामागे किमान २० मिनिटे जादा देण्याची तरतूद करण्यात आली. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि कागदपत्रांत महिने जातात; म्हणून वाचकांनी नववीतच हालचाल करावी. आमचा पहिला अर्ज शाळेने 'मुलगा तर धडधाकट दिसतो' म्हणून परत केला. दुसऱ्या अर्जाला आम्ही कायद्याची प्रत जोडली आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे, आणि दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे.