पंचवीस अंश, साठ टक्के

औषधाच्या वेष्टनावर छापलेली मुदतीची तारीख अंदाजाने ठरत नाही. ते औषध ठरावीक तापमानात आणि ठरावीक दमटपणात महिनोन्महिने ठेवावे लागते, नेमलेल्या दिवशी त्याचे नमुने बाहेर काढून मूळ द्रव्य किती उरले, गोळीचा रंग पालटला का, ती पूर्वीइतक्याच वेगाने विरघळते का हे तपासावे लागते, आणि या नोंदींवरून ती तारीख काढली जाते. या तपासणीला स्थिरता-चाचणी म्हणतात; ती जिथे चालते त्या बंदिस्त जागेला व्यवसायात स्टॅबिलिटी चेंबर, आणि माणूस आत चालत जाऊ शकेल एवढी ती मोठी असेल तर वॉक-इन चेंबर, असे नाव आहे. तारापूर, वाळूज किंवा गोव्यातील वेर्णा अशा औद्योगिक वसाहतींत औषधकारखान्यांबरोबर अशा खोल्याही उभ्या राहिल्या. पांढऱ्या पत्र्याच्या भिंती, जाळीदार मांडण्या, खोक्यांच्या रांगा आणि अखंड फिरणारे पंखे एवढाच ऐवज पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडतो, त्यामुळे ही खोली आखणे हे वातानुकूलनाच्या नेहमीच्या कामासारखेच एक काम असावे असा समज सहज होतो. हा समज ज्या ठिकाणी खोटा ठरतो ते ठिकाण म्हणजे हवेतले पाणी.

अशा खोलीची मागणी दोन आकड्यांनी सुरू होते. औषधनियंत्रक आणि उद्योग यांच्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय मंचाने 2003 साली सुधारून स्वीकारलेल्या मार्गदर्शिकेत दीर्घकालीन चाचणीसाठी 25 अंश सेल्सिअस व 60 टक्के सापेक्ष आर्द्रता, किंवा 30 अंश व 65 टक्के, आणि सहा महिन्यांच्या जलद चाचणीसाठी 40 अंश व 75 टक्के अशा स्थिती दिल्या आहेत. उष्ण व दमट प्रदेशांसाठी 30 अंश व 75 टक्के ही स्थितीही वापरली जाते आणि आग्नेय आशियातील देशांच्या आसियान संघटनेने तीच स्वीकारली आहे. प्रत्येक स्थितीला वर आणि खाली 2 अंशांची व 5 टक्क्यांची मुभा आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प सामावू शकते, त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष बाष्प किती आहे त्याचे प्रमाण. या व्याख्येतील ‘त्या तापमानाला’ हे शब्द मागणीपत्रकात उतरत नाहीत, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच उगवतात.

25 अंशांच्या आणि 60 टक्क्यांच्या हवेतील बाष्पाला हात न लावता तिचे तापमान 27 अंशांवर नेले, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे 53 टक्क्यांवर उतरते. तीच हवा 23 अंशांवर आणली तर आर्द्रता 67 टक्क्यांच्याही थोडी पुढे जाते. म्हणजे तापमानाला दिलेली मुभा पूर्ण वापरली की आर्द्रतेची मुभा दोन्ही बाजूंनी मोडते. कागदावर 2 अंशांची सवलत दिसत असली तरी 5 टक्क्यांच्या अटीने ती दीड अंशाच्याही आत आणलेली असते, आणि मोजमापाच्या उपकरणातील त्रुटी जमेस धरली तर प्रत्यक्षात अर्ध्या-एक अंशाहून अधिक हालचाल परवडत नाही. खोलीच्या एका कोपऱ्यातील तापमान दुसऱ्या कोपऱ्यापेक्षा 2 अंशांनी वेगळे असेल, तर आर्द्रता-नियंत्रणाचे कितीही उत्तम यंत्र बसवले तरी त्या दोन कोपऱ्यांतील खोकी दोन वेगळ्या हवामानांत राहतात. म्हणून आर्द्रतेची तक्रार आली की जाणकार तंत्रज्ञ आधी बाष्पयंत्राकडे न वळता पंख्यांची दिशा, मांडण्या आणि भिंती यांतील अंतर, आणि छतापर्यंत रचलेली खोकी पाहतो.

वातानुकूलनाच्या शास्त्राचा उगमही आर्द्रतेच्या अडचणीतच आहे. 1902 साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमटपणानुसार कागद कमीजास्त ताणला जाऊन एकावर एक छापायचे रंग सरकत असत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील बाष्पावर ताबा ठेवणारी यंत्रणा आखली, आणि 1911 साली हवा, उष्णता व बाष्प यांचे परस्परसंबंध सूत्रांत मांडले. माणसाला गारवा मिळणे हा या विद्येचा नंतरचा लाभ आहे.

महाराष्ट्रात खोली आखताना बाहेरच्या हवेचा कोणता दिवस धरायचा, या प्रश्नाला ठेकेदारांच्या प्रस्तावांत बहुधा मे महिन्याची दुपार हे उत्तर असते, कारण तेव्हा पारा सर्वांत वर असतो. तापमानापुरते ते बरोबर आहे. बाष्पाच्या बाबतीत ते अपुरे ठरते. एप्रिलच्या दुपारी पुण्यासारख्या गावी 40 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे 8 ग्रॅम बाष्प असते. आषाढातल्या सरीनंतर 26 अंश आणि 90 टक्के अशी स्थिती असेल, तर त्याच घनमीटरात सुमारे 22 ग्रॅम बाष्प असते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आतल्या खोलीला 25 अंशांना 60 टक्के राखायचे तर घनमीटरामागे 14 ग्रॅमांच्या आसपास बाष्प हवे. याचा अर्थ असा की एकाच खोलीला उन्हाळ्यात पाणी पाजावे लागते आणि पावसाळ्यात तिच्यातून पाणी काढावे लागते, आणि ज्या दिवसांत अंगाला गारवा जाणवतो त्याच दिवसांत यंत्रावरचा बाष्पाचा भार सर्वाधिक असतो.

हवेतून पाणी काढण्याची रूढ रीत म्हणजे ती थंड नळ्यांच्या जुडग्यावरून, म्हणजे कॉइलवरून, वाहू देणे. ज्या तापमानाला हवेतील बाष्प पाणी होऊन सुटू लागते त्याला दवबिंदू म्हणतात, आणि 25 अंश व 60 टक्के या हवेचा दवबिंदू 17 अंशांच्या किंचित खाली आहे. कॉइल त्याहून थंड राहिली तरच पाणी निथळते. परंतु पावसाळ्यात बाहेर 26 अंश आणि आत 25 अंश असताना भिंतीतून येणारी उष्णता नगण्य असते, तापमान-नियंत्रकाला थंडाव्याची गरज वाटत नाही, कॉम्प्रेसर थांबतो, आणि त्याच्याबरोबर पाणी काढण्याचे कामही थांबते. यावर एकच भरवशाचा मार्ग आहे: कॉइल चालू ठेवून हवा गरजेपेक्षा थंड करायची, तिच्यातील पाणी निथळू द्यायचे आणि मग हीटरने ती पुन्हा 25 अंशांवर आणायची. या क्रियेला पुनर्तापन, कारखान्याच्या बोलीत रीहीट, म्हणतात. थंड करून पुन्हा तापवणे ही विजेची उधळपट्टी आहे असा आक्षेप खरेदी विभागाकडून हमखास येतो आणि हीटरची क्षमता कापली जाते. विजेची चिंता रास्त आहे, परंतु तिचे उत्तर कमीजास्त वेगाने चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये किंवा कॉम्प्रेसरच्याच टाकाऊ उष्णतेने हवा तापवण्यात शोधले पाहिजे. हीटर कापून जुलैतली खोली सांभाळता येत नाही.

याच कारणाने थोडे मोठे यंत्र असलेले बरे हा घरगुती व्यवहारातला सुज्ञपणा इथे घातक ठरतो. पॉलियुरेथेन फेसाच्या 80 मिलिमीटर जाडीच्या पफ पॅनलने बांधलेल्या 3 मीटर बाय 4 मीटर खोलीत बाहेरून, दहा अंशांचा फरक असतानाही, 200 वॅटपेक्षा कमी उष्णता शिरते. आतल्या पंख्यांच्या मोटरी आणि दिवे पुष्कळदा त्याहून अधिक उष्णता टाकतात. एवढ्या लहान भाराला मोठे यंत्र जोडले की ते काही मिनिटांत तापमान गाठून बंद पडते, ओली कॉइल पुन्हा हवेत पाणी सोडते आणि नोंदीच्या कागदावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटते.

40 अंश आणि 75 टक्के यांची खोली तर नियोजनाची सगळी दिशाच उलटवते. शीतगृहात बाष्प बाहेरून आत शिरू पाहते, म्हणून बाष्परोधक थर उष्ण अशा बाहेरच्या अंगाला द्यावा लागतो. इथे उष्णता आणि बाष्प दोन्ही आत आहेत आणि ती सतत बाहेर पडण्याची वाट शोधतात, म्हणून पॅनलचे सांधे आतल्या अंगाने काटेकोर बुजवावे लागतात. या हवेचा दवबिंदू 35 अंशांच्या जवळ आहे. याचा अर्थ 34 अंश तापमानाचा, म्हणजे हाताला कोमट लागणारा, कोणताही पृष्ठभाग आत असेल तर त्याच्यावर पाणी जमते. दाराची चौकट, निरीक्षणाची काच, पॅनलमधून आरपार गेलेला एखादा स्क्रू, नीट न वेढलेली वायरची नळी, हे सारे बाहेरच्या वातानुकूलित प्रयोगशाळेच्या गारव्याने थंड होतात आणि आतून ठिबकू लागतात. तो ओघळ वरच्या मांडणीवरून खालच्या खोक्यावर उतरला तर सहा महिन्यांची चाचणी संशयास्पद ठरते. काचेला आणि चौकटीला तापवणारी तार, दोन किंवा तीन पदरी काच आणि दारावर गार हवेचा झोत येणार नाही अशी जागा, या गोष्टी मागणीपत्रकात आधी लिहिल्या तर त्यांचा खर्च किरकोळ असतो. खोली उभी राहिल्यानंतर त्या साधणे फार अवघड जाते.

उलट टोकाला, पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्या बनवण्याच्या जागेसाठी 25 अंशांना 25 टक्के मागितले जातात. त्या हवेचा दवबिंदू 4 अंशांच्या खाली असल्यामुळे कॉइलवर बर्फ धरण्याची वेळ येते, आणि मग सिलिका जेलने मढवलेले, फिरता फिरता बाष्प शोषणारे चाक वापरावे लागते. ते चाक पुन्हा कोरडे करायला तापलेली हवा अखंड द्यावी लागते. वस्तूला खरोखर गरज असेल तर हा खर्च योग्यच आहे. आकडा खाली असला की गुणवत्ता वर जाते अशा भावनेने मागितलेले 25 टक्के मात्र कारखान्याला वर्षानुवर्षे भरावे लागतात.

मोजमापाचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. तापमानाचा प्लॅटिनम संवेदक वर्षानुवर्षे स्थिर राहतो, आर्द्रतेचा संवेदक मात्र उष्ण दमट हवेत हळूहळू सरकत जातो, आणि त्याची स्वतःची अचूकताच 2 टक्क्यांच्या आसपास असेल तर 5 टक्क्यांच्या मुभेतील मोठा वाटा मोजणाऱ्यानेच खाल्लेला असतो. म्हणून यंत्र चालवणारा संवेदक आणि नोंद ठेवणारा संवेदक वेगवेगळे असावेत हा आग्रह सोडू नये. एकाच संवेदकावर दोन्ही कामे सोपवली की तो जेवढा चुकतो तेवढीच खोली चुकते आणि नोंद निर्दोष दिसत राहते. संवेदक तपासण्याच्या रीतींपैकी एक फार सुंदर आहे. बंद भांड्यात मीठ आणि ते पुरते विरघळणार नाही इतके थोडे पाणी ठेवले, तर वरची हवा 75 टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते, आणि तापमान 25 अंश असो वा 40, हा आकडा फारसा हलत नाही. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते ते याच नियमाने: हवा 75 टक्क्यांच्या पलीकडे गेली की मीठ तिच्यातले पाणी ओढू लागते. म्हणजे जलद चाचणीच्या खोलीचा आर्द्रतेचा आकडा आणि मिठाचा आकडा एकच आहे, हा योगायोग या कामात आयुष्य घालवलेल्या माणसालाही आनंद देतो.

खोलीत वावरणारी माणसे मागणीपत्रकात क्वचितच दिसतात. 30 घनमीटरांच्या खोलीत 25 अंशांना 60 टक्के असताना एकूण बाष्प 400 ग्रॅमांच्या थोडे वर असते. आत तासभर काम करणारा एक मनुष्य श्वासातून आणि घामातून सहज 50 ग्रॅम भर घालतो, आणि यंत्र स्वस्थ राहिले तर तेवढ्याने आर्द्रता 67 टक्क्यांवर जाते. दार उघडल्याने येणारे अल्पकाळचे चढउतार अपरिहार्य आहेत हे आयसीएचची मार्गदर्शिकाही मान्य करते; मुभेबाहेरची स्थिती 24 तासांहून अधिक टिकली तर मात्र तिचे वर्णन आणि परिणाम अहवालात द्यावे लागतात. तेव्हा दिवसातून दार किती वेळा उघडणार, आत किती जण किती वेळ थांबणार, पुठ्ठ्याची किती खोकी येणार, आणि यंत्र बिघडले तर दुसरे यंत्र किती मिनिटांत काम हाती घेणार, ही माहिती तापमानाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. बाष्प तयार करायला क्षारमुक्त पाणी मिळणार की नाही, हा प्रश्न त्याहून साधा आहे, आणि त्याचे उत्तर न मिळाल्याने वाया गेलेली बाष्पयंत्रे कारखान्यांच्या भंगारात पुष्कळ सापडतात.

खोली ताब्यात घेण्यापूर्वी निरनिराळ्या जागी, किमान आठ कोपऱ्यांत आणि मध्यभागी, संवेदक ठेवून तिच्या सर्व भागांची नोंद घेतली जाते. हिला मॅपिंग म्हणतात. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत असल्यामुळे पुष्कळ खोल्या मार्चमध्ये सोपवल्या जातात आणि त्यांचे मॅपिंग कोरड्या हवेत, रिकाम्या मांडण्यांवर उरकले जाते. अशा खोलीची मागणी लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्यात एक अट अवश्य घालावी: भरलेल्या मांडण्यांसह दुसरे मॅपिंग जुलै महिन्यात होईल, आणि ते समाधानकारक ठरेपर्यंत ठेकेदाराच्या देयकाचा ठरलेला भाग राखून ठेवला जाईल.