काट्याचा शेजार

'शेजार' हा शब्द आपण बहुधा माणसांपुरताच वापरतो. परंतु ज्याला जागचे हलता येत नाही, त्याच्या आयुष्यात शेजाराचे महत्त्व कितीतरी अधिक असते. शेजार पटला नाही तर माणूस घर बदलतो. झाडाला मात्र बी पडले तेथेच जन्म काढावा लागतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने झाडाचा शेजारी म्हणजे वाटेकरी. पाणी, ऊन आणि खत यांत तो हिस्सा मागतो, म्हणून आपण खुरपणी आणि विरळणी करतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यातही काटेरी झुडपांत पडलेले बी गुदमरूनच जाते. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत हा अनुभव दरवर्षी येतो. गावोगावी पसरलेले गाजर गवत तर केवळ हिस्सा मागून थांबत नाही. त्याच्या मुळांतून व कुजणाऱ्या पानांतून उतरणारी द्रव्ये शेजारच्या बियांचे रुजणेच रोखतात.

छत्रपती संभाजीनगरच्या भोवतालच्या डोंगरांवर मात्र मी निराळे दृश्य पाहत आलो आहे. लेण्यांच्या डोंगरावर, दौलताबादच्या वाटेवर किंवा खुलताबादच्या पुढे म्हैसमाळला चढताना काळ्या कातळावर मुरमाचा पातळ थर तेवढा असतो. पाऊस ओसरला की तो लवकरच कोरडा ठणठणीत होतो. तेथे उघड्यावर सीताफळाचे निभावते, कारण त्याचा कडवट पाला शेळ्या खात नाहीत. लिंबाचे कोवळे रोप मात्र बहुधा बोरीच्या जाळीतच आढळते. लिंबोळ्या खाऊन पाखरे जाळीवर विसावतात आणि बी खाली पडते. झडलेल्या पाल्यात ओल टिकते, वैशाखातले ऊन गाळून येते आणि शेळीचे तोंड काट्यांपाशी अडते. काही वर्षांनी लिंब जाळीच्या वर डोके काढतो.

उंच पर्वतांवरच्या वनस्पतींत शास्त्रज्ञांना असेच काही आढळले आहे. परिस्थिती जितकी कठोर, तितकी वनस्पतींमधली स्पर्धा कमी आणि परस्परांचा आधार अधिक, असा विचार १९९४ साली मार्क बर्टनेस व रॅगन कॅलवे या अमेरिकन संशोधकांनी मांडला. पुढे २००२ साली कॅलवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील ११ पर्वतीय ठिकाणचे प्रयोग प्रसिद्ध केले. निवडलेल्या वनस्पतींभोवतीचे शेजारी त्यांनी काढून टाकले होते. खालच्या उतारांवर शेजारी गेल्याने त्या वनस्पती सर्वसाधारणपणे जोमाने वाढल्या; उंचावर मात्र त्यांची वाढ खुंटली. वृक्षरेषेच्या वर काही वनस्पती गादीसारख्या जमिनीला चिकटून वाढतात. त्या माती व ओल धरून ठेवतात, वारा अडवतात, आणि त्यांच्या कुशीत इतरांची बीजे रुजतात.

हा नियम सरसकट नव्हे. लडाखच्या अतिउंच भागातील अशाच एका वनस्पतीची वीण इतकी घट्ट असते, की इतरांना तिच्यात सहसा शिरकाव मिळत नाही, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आधार द्यायचा तर अंगात थोडी फट असावी लागते!

आपल्याकडे हिमवाऱ्याचा जाच नाही. उन्हाचा, तहानेचा आणि चरणाऱ्या जनावरांचा आहे. पण रोपाला आडोसा लागतो, तो तसाच. म्हणून पावसाळ्यातील वृक्षारोपणाची काही दृश्ये पाहून मन अस्वस्थ होते. शहराजवळच्या एका टेकडीवर आधी सारी झुडपे मुळासकट खणून जागा 'स्वच्छ' करण्यात आली, मग सरळ रेषेत रोपे लावली गेली. पुढल्या मे महिन्यात खड्डे उरले होते, रोपे नव्हती. मनापासून राबलेल्या त्या हातांचे वाईट वाटले. तेथेच शेळ्या वळणारे एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, “बोरीचं काटंच त्याचं कुंपन व्हतं, गुर्जी. तेच काडलं.”

आपल्या धर्मग्रामातील तरुण पुढल्या पावसाळ्यात रोपे घेऊन डोंगरावर जाणार असतील, तर त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. घाणेरीसारखे सर्वत्र माजणारे झुडूप खुशाल काढा. परंतु जुनी बोर तोडू नका. तिच्या पूर्वेच्या अंगाला खड्डा घ्या, म्हणजे दुपारनंतरचे ऊन तिच्या अंगावर जाईल. कसदार शेतातला काटा काढावा, हे खरेच. पण उघड्या माळावरचा काटा उपटण्यापूर्वी खाली वाकून पाहावे. त्याच्या आडोशाला कोणी वाढत असेल.