मेस्सीचं इंजेक्शन आणि डाव्या हाताचा एक्स-रे

"मेस्सीला दिलं होतं ते इंजेक्शन आमच्या पोराला द्या, डॉक्टरसाहेब. पैशाचं मी बघतो."

गेल्या जूनमधली गोष्ट. साडेतेरा वर्षांचा मुलगा, सोबत आई-वडील. वडिलांच्या मोबाईलवर मेस्सीचा व्हिडिओ उघडाच होता. मुलगा एका फुटबॉल अकादमीच्या निवड चाचणीत शेवटच्या फेरीपर्यंत गेला आणि तिथे त्याला सांगितलं गेलं, "खेळ चांगला आहे, पण अंगानं लहान पडतोस." कोल्हापुरात हे वाक्य घरी घेऊन येणं म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. एका जिममधल्या माणसानं तर 'हाईटच्या इंजेक्शन'चा दरही सांगून ठेवला होता.

मुलाची उंची १४२ सेंटिमीटर भरली. वाढीच्या तक्त्यावर खालच्या रेषांपाशी, पण तक्त्याच्या आत. मी त्याची जुनी फाईल काढली. लसीकरणाच्या नोंदी चोख होत्या, पण सहाव्या वर्षानंतर उंची फक्त दोनदा लिहिलेली! सर्दी-तापासाठी तो दरवर्षी माझ्याकडे येत होता आणि मी त्याला एकदाही भिंतीशी उभं केलं नव्हतं. दर वर्षाचा आकडा हाताशी असता, तर निम्मं उत्तर त्याच दिवशी देता आलं असतं.

आधी मेस्सीचं बोलू. अर्जेंटिनातल्या रोझारिओ गावात, वयाच्या दहा-अकराच्या सुमारास त्याच्यात वाढीच्या हार्मोनची कमतरता आढळली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती हे हार्मोन बनवते. त्याच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नव्हतं, म्हणून बाहेरून द्यावं लागलं. रोज रात्री तो स्वतःच पायात सुई टोचून घेई. उपचार महाग होते. २००० साली बार्सिलोना क्लबनं तेरा वर्षांच्या या मुलाला घेतलं आणि खर्चही उचलला. कागदी रुमालावर लिहिलेला तो प्रसिद्ध करार १४ डिसेंबर २००० चा.

पण लक्षात घ्या, इंजेक्शननं त्याच्या शरीरातली उणीव भरून काढली. त्यानं तो उंचही झाला नाही. मेस्सी आज साधारण १७० सेंटिमीटर आहे, म्हणजे पाच फूट सात इंच. ज्याच्यात उणीव नाही, त्याला हे औषध मनानं घेतल्यास साखर वाढणं, डोक्यातला दाब वाढणं, खुब्याचं हाड सरकणं असे धोके संभवतात. शिवाय खेळाडूंसाठी ते प्रतिबंधित औषधांच्या यादीत आहे. खरी कमतरता असेल, तर रीतसर परवानगी घ्यावी लागते.

मग या मुलाचं काय? मी डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला. हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो. तो असेपर्यंत उंची वाढते, हाड झाला की थांबते. त्यावरून हाडांचं वय कळतं. या मुलाच्या हाडांचं वय निघालं साडेअकरा. रक्ताच्या प्राथमिक तपासण्या व्यवस्थित होत्या. एवढ्यात आई म्हणाली, "माझा भाऊबी असाच होता. दहावीपर्यंत लहान, अकरावीत एका वर्षात पॅन्टी आखूड झाल्या." निदान माझ्याआधी तिनंच केलं होतं. काही मुलं उशिरा वयात येतात, हा आजार नव्हे, आणि ते बरेचदा घराण्यातच असतं.

आता अकादमीवाल्यांच्या बाजूनं बघा. इंग्लंडमध्ये व्यावसायिक क्लबांच्या अकादमीत ९ वर्षांखालील गटापासून मुलं घेतात आणि मग पायरी-पायरीनं २१ वर्षांखालील संघापर्यंत नेतात. गटाचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. म्हणून सप्टेंबरात जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या ऑगस्टच्या मुलाहून जवळजवळ वर्षानं मोठा असतो, आणि अकादम्यांत सप्टेंबर ते नोव्हेंबरात जन्मलेली मुलं खरोखरच जास्त सापडतात. हॅरी केनचा जन्म जुलैचा, म्हणजे गटात जवळपास धाकटाच. आर्सेनलनं त्याला लहानपणी सोडून दिलं. पुढे तो टॉटनहॅमच्या अकादमीतून वर आला, चार क्लबांत उसना खेळून आला आणि इंग्लंडसाठी सर्वाधिक गोल करणारा ठरला.

जन्मतारखेपेक्षा मोठा फरक हाडांच्या वयाचा. तेरा वर्षांच्या दोन मुलांत तो तीन-चार वर्षांचाही असू शकतो. त्यावर प्रीमिअर लीगनं २०१५ मध्ये एक प्रयोग केला. साउथॅम्प्टन, नॉर्विच, स्टोक आणि रीडिंग या क्लबांतली ११ ते १४ वयाची मुलं वयानुसार न खेळवता, मोठेपणी जी उंची होईल असा अंदाज होता तिच्या ८५ ते ९० टक्के गाठलेली मुलं एकमेकांसमोर आणली. उशिरा वाढणाऱ्यांना चेंडूवरची करामत दाखवायला वाव मिळाला. लवकर वाढलेल्यांना धक्काबुक्कीवर भागेना, डोकं चालवावं लागलं. मला यातला दुसरा भाग जास्त आवडतो.

स्पेनमध्ये क्लबचा 'ब' संघ थेट मोठ्यांच्या साखळीत खेळतो, फक्त मुख्य संघाच्या श्रेणीत जाऊ शकत नाही. आपल्या तालमींच्या 'अ' आणि 'ब' संघांशी तुम्ही तुलना कराल, पण तिथे 'ब' ही मुद्दाम ठेवलेली प्रतीक्षेची जागा आहे. मेस्सी, झावी, इनिएस्ता हे तिघेही तिथूनच वर आले. २०१० च्या बॅलन डी'ऑरला पहिले तिघे हेच होते, आणि तिघेही पाच फूट सातच्या आसपास! अर्थात अशा अकादम्यांत गेलेली बहुतेक मुलं व्यावसायिक खेळाडू होत नाहीत, हेही मी वडिलांना सांगितलं. ते त्यांना आवडलं नाही.

तुमच्या मुलाची उंची वर्षाला चार सेंटिमीटरहून कमी वाढत असेल, किंवा मुलात चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याची काहीच खूण नसेल, तर वाट न बघता दाखवा. तेव्हा पुढच्या तपासण्या लागतात, आणि कमतरता निघाली तर उपचार लवकर सुरू केलेला बरा.

वडील १७०, आई १५५. बेरजेत १३ मिळवून निम्मं केलं की १६९. हा ढोबळ अंदाज, थोडं इकडेतिकडे. कागदावरचा आकडा बघून मुलगा पहिल्यांदा हसला. "म्हणजे मेस्सीएवढाच की!" मग लगेच विचारलं, "पण डॉक्टर, तोवर मला कोण घेणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "सहा महिन्यांनी ये, भिंतीशी उभा राहा," एवढंच म्हणालो.

डिसेंबरात तो आला. १४५. वयात येण्याची सुरुवातही झालेली. अकादमीत या वर्षीही नाव लागलं नाही. वडील जिमचं नाव काढत नाहीत, हे मात्र त्यानंच हळूच सांगितलं. पेठेतल्या मोठ्या पोरांत डावीकडून खेळतो म्हणे, आणि उंच मुलांच्या अंगावर न जाता चेंडू आधीच सोडून द्यायला शिकतोय. पुढची तारीख जूनची दिली आहे. फाईलमध्ये या वेळी उंची मी स्वतः लिहिली.