केसांचंही डॉक्टरांना सांग

प्रिय ताई,

दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा, उमरखेड... यवतमाळ जिल्ह्यातलं तुझं गाव यातलं कुठलंही असेल. स्तनाच्या कर्करोगाच्या केमोसाठी तू सेवाग्रामला नाहीतर नागपूरला जातेस, एसटीत डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसतेस. हे पत्र उघडच लिहितेय, तुझ्या घरच्यांनीही वाचावं म्हणून.

सलाईनमधून जाणारं ते लाल औषध, ॲड्रियामायसिन, भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. गाठीतल्या पेशी तशा, केसांच्या मुळातल्याही तशाच. म्हणून पहिल्या डोसनंतर २-३ आठवड्यांत कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येतात. तेल बदलून ते थांबत नाहीत. बहुतेकींचे केस केमो संपल्यावर काही महिन्यांत परत येतात; कधी कुरळे, कधी वेगळ्याच रंगाचे.

गळती कमी करणारी एक टोपी आहे. डोस चालू असताना ती डोकं थंड ठेवते, टाळूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात तिची रीतसर चाचणी झाली. २०२० साली निष्कर्ष छापून आले: टोपी वापरलेल्या निम्म्याहून अधिक बायकांचे केस टिकले. ही सोय यवतमाळच्या बाईलाही मिळायला हवी. ‘जीव वाचला, केसांचं काय घेऊन बसलीस’ असं म्हणणाऱ्यांनी बोडक्या डोक्यानं एकदा हळदीकुंकवाला जाऊन बघावं.

मला जास्त घोर आहे तो केमोनंतरच्या गोळीचा. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल रोज घ्यायची, ५ वर्षं, कधी १०. तिच्यानंही काहींचे केस विरळ होतात, भांग रुंदावतो. हे इतकं सावकाश होतं की कुणी विचारतही नाही, आणि एखादी गुपचूप गोळी सोडते. तू सोडू नकोस गं! आजार उलटू नये म्हणून ती आहे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभागात दाखव. टाळूला लावायच्या मिनॉक्सिडिलनं अशा बऱ्याच जणींना फरक पडलेला आहे. थायरॉईड आणि लोहही तपासून घेतील. मेडिकलमधून केसांसाठी बायोटिन मात्र आपल्या मनानं आणू नकोस, रक्ततपासणीचे आकडे त्यानं चुकू शकतात.

पुढच्या तारखेला फाईल टेबलावर ठेवलीस की आधी पदर सार आणि भांग दाखव. सोबत आलेल्या माणसानं घाई केली, तरी डॉक्टरांचं उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नकोस.

तुझी,
एक बहीण