उतारा आणि वस्ती

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आमच्या सीमाभागात जरा निराळ्या अर्थाने मुरलेली आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव-निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. 1973 मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. 2014 मध्ये बेळगावचे कागदोपत्री ‘बेळगावी’ झाले. या सगळ्या उलथापालथीत वडिलांच्या पिढीला एकच गोष्ट आपल्या हातातली वाटे, ती म्हणजे घराच्या उताऱ्यावरचे आपले नाव. त्यासाठी पोटाला चिमटा घेऊन माणसांनी घरे बांधली. आमचे निपाणीचे घर त्यांतलेच. जुने खरेदीपत्र मराठीत, आताचा उतारा कन्नडमध्ये. नाव मात्र आमचेच.

नोकरीमुळे मी बेळगावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. अकरा महिन्यांचा करार संपला की नवा करायचा. वर्षाच्या वरचा करार नोंदवावा लागतो, म्हणून ही अकराची प्रथा. मुलगा बंगळूरला, तोही भाडेकरूच. मागच्या दिवाळीत तो म्हणाला, ‘‘बाबा, साठ लाखांच्या फ्लॅटला मी महिना पंधरा हजार देतो. वर्षाचे 1 लाख 80 हजार. तेच साठ लाख कर्ज काढले, तर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच 5 लाखांवर जाते. मग निपाणीचे बंद घर तरी कशाला ठेवायचे?’’

हिशेबात खोट नव्हती. बंद घर म्हणजे वाळवीला आवतणच. दरसाल कौले चाळायची, घरपट्टी भरायची. ऑगस्ट 2019 च्या अतिवृष्टीत जिल्ह्यात हजारो घरे पडली, तेव्हा आमचीही मागची भिंत बसली. तरीही विकायचे म्हटले की घशाशी आवंढा येई.

मला वाट दाखवली ती शाळेच्या पटाने. वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुले असतील तर मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे 1949 मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवले. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारी सूचना मिळाव्यात, याला 15 टक्के लोकसंख्येचा निकष. आता पाहा, यांत उताऱ्याचा कुठे संबंध आहे? शिरगणतीवाला मातृभाषा विचारतो ती घरात राहणाऱ्या माणसाला, कुलपाला नव्हे. आमच्या हायस्कूलची भरती मराठी प्राथमिक शाळांवर चालते. मालकीच्या दहा बंद घरांतून त्या शाळांत एक मूल येत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांतून दोन येतात.

वडिलांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी घर बांधले ते राहण्यासाठी, आणि ते राहिलेही. पण राहणारे गेल्यावर उरतो तो नुसता उतारा. मुलानेही बंगळूरला खुशाल भाड्याने राहावे. घरात मराठी बोलली जाते ना, एवढेच मी त्याला विचारतो.

घर विकले नाही. डागडुजी करून पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एका कुटुंबाला भाड्याने दिले. बाईंचे माहेर कन्नड, पण दोन्ही मुले मराठी शाळेत जातात. भाडे बेताचेच येते. यंदा मात्र मिरगाआधीच त्यांनी कौले चाळून घेतली आणि खर्चाची चिठ्ठी मला पाठवली. मी ती आनंदाने चुकती केली.