बेताचा उजेड

वीज येण्याआधी आमच्या आजोळच्या संध्याकाळी रॉकेलवर चालायच्या. चिपळूणजवळचं गाव, दाट झाडी, कौलारू घर. दिवेलागणीआधी आजी कंदिलांच्या काचा राखेनं पुसून लखलखीत करायची, वाती सारख्या कातरायची आणि कुठला कंदील कुठे जाणार हे तीच ठरवायची. जेवणं उरकली की तिचा हुकूम यायचा, "बारीक कर गो." कुणी पोथी घेऊन बसलं की तीच उठून चावी फिरवायची आणि वात जराशी वर यायची. फार मोठी झाली तर काच काजळायची आणि रॉकेल भराभर संपायचं. रॉकेल रेशनवर मिळायचं. फार बारीक झाली तर मामाला पुस्तकातलं दिसायचं नाही. तेल पुरलं पाहिजे आणि डोळ्यांना त्रास होता कामा नये, या दोन गोष्टींचा मेळ ती रोज घालायची. आज फोनचा पडदा आपला आपण उजळतो, मंदावतो, त्यामागेही हीच दोन कारणं आहेत, बॅटरी आणि डोळे. माझं आयुष्य भौतिकशास्त्र शिकवण्यात गेलं. उजेड मोजून बेताचा करण्याचं हे काम मला वेगवेगळ्या वस्तूंमधून सतत भेटत राहिलं आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सांगावंसं वाटतं.

त्या घरात दिवसाही एक धडा मिळायचा. मे महिन्याच्या उन्हात खळ्यात खेळून माजघरात शिरलं की समोर नुसता काळोख. देव्हारा कुठे, उंबरठा कुठे, काही कळायचं नाही. "थांब जरा, डोळे सरावू देत," आजी आतून म्हणायची. ती मात्र त्याच काळोखात तांदळातले खडे वेचत बसलेली असायची. डोळे सरावतात म्हणजे काय होतं, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. उन्हात आपली बाहुली आकसून दोनेक मिलिमीटरची होते आणि अंधारात सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते. हिशेब केला तर एवढ्यानं डोळ्यात शिरणारा उजेड बारा ते सोळा पटींनीच कमीजास्त होतो. पण भर उन्हातल्या खळ्यात असतो सुमारे 1,00,000 लक्स, आणि खिडक्या लोटलेल्या माजघरात दहा-वीस. एक मेणबत्ती एक मीटरवर ठेवली तर कागदावर जेवढा उजेड पडतो तो साधारण 1 लक्स, यावरून अंदाज यावा. शेकडो पटींचा हा उरलेला फरक डोळ्यातलं दृष्टिपटल सांभाळतं. तिथल्या शंकुपेशी दहाएक मिनिटांत सरावतात. अगदी अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना मात्र आपलं रंगद्रव्य पुन्हा भरून काढायला अर्धा तास लागतो. इतक्या मोठ्या पल्ल्यात काम करणारं आणि एवढंसं दुसरं यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

मामानं पुढे चिपळुणात फोटो स्टुडिओ काढला. सुट्टीत मी तिथेच पडीक असे. त्याच्याजवळ तळहातावर मावणारा एक लाइट मीटर होता. त्याला ना सेल ना वायर. मांडवाबाहेर नवरा-नवरीला उभं केलं की मामा मीटर नवरीच्या चेहऱ्याजवळ न्यायचा, काटा हलायचा आणि तो कॅमेऱ्याची कडी फिरवायचा. काटा हलवणारं ते सेलेनियम. त्याची गोष्ट मी पुढे प्रत्येक वर्गाला सांगितली. 1873 साली विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्यानं ती जगापुढे मांडली. समुद्राखालून टाकायच्या तारायंत्राच्या केबल तपासण्यासाठी त्याला सेलेनियमच्या कांड्या वापरायच्या होत्या, पण त्यांचा विद्युत रोध एका जागी राहीना. पेटीचं झाकण लावलं की रोध वाढायचा, उघडलं की उतरायचा. उजेडानं पदार्थाची वीज वाहण्याची क्षमता बदलते, हे त्यातून पुढे आलं. मग त्याच सेलेनियमपासून उजेड पडल्यावर थोडीशी वीज तयार करणारा सेल निघाला, आणि तसाच एक मामाच्या मीटरमध्ये बसला होता.

मामा काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नसे. नवरदेवाचा पांढराशुभ्र पोशाख समोर आला की मीटर फसतो, उजेड फार आहे असं सांगतो आणि फोटोत चेहरे काळे येतात, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. "मीटर उजेड मोजतो, माणूस आपण बघायचा," असं तो म्हणायचा. हे वाक्य मला फार पुढे, आईच्या फोनपाशी, नीट कळलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सेलेनियमच्या जागी कॅडमियम सल्फाइड आलं. अंधार झाला की बल्ब आपोआप लावणारं सर्किट मुलं दरवर्षी हौसेनं बनवायची, आणि पावसाळ्यात ढग दाटून आले की भर दुपारी प्रयोगशाळेतले सगळे बल्ब पेटायचे. मुलांना त्याचं कोण अप्रूप!

आता फोनकडे येते. कागदाच्या पुस्तकाला कधी सेन्सर लागला नाही, मग फोनला का लागतो? कागद स्वतः उजेड देत नाही, पडलेला परत पाठवतो. ट्यूबलाइटखाली, समजा 200 लक्समध्ये, पांढऱ्या कागदाची तेजस्विता (ती निटमध्ये मोजतात) 50 निटच्या आसपास असते. तोच कागद उन्हात नेला की ती 25,000 निटच्या घरात जाते. अक्षरांची शाईही त्याच प्रमाणात उजळते, म्हणून दोन्हींतला फरक तसाच राहतो आणि आपल्याला वाचता येतं. भोवतालाशी जुळवून घेणं कागदाच्या स्वभावातच आहे. फोनचा पडदा मात्र आपला उजेड आपणच तयार करतो. बाहेर ऊन आहे की रात्र, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. शिवाय वरची काच उन्हातला काही भाग परत फेकते, त्यामुळे काळी अक्षरं राखाडी होतात आणि सगळा मजकूर फिका पडतो. आजचे चांगले फोन उन्हात 1,000 ते 2,000 निटपर्यंत जातात, तेही बॅटरी जाळून आणि तापून. फार तापले तर बिघाड होऊ नये म्हणून स्वतःच मंदावतात. भर दुपारी, नेमका पत्ता शोधायच्या वेळी, फोन काळवंडतो तो यामुळे. उन्हातल्या वर्तमानपत्राची बरोबरी अजून कुठल्याच फोनला साधलेली नाही.

बाहेर किती उजेड आहे हे फोनला सांगण्याचं काम पुढच्या कॅमेऱ्याशेजारचा, बहुधा दिसतही नाही असा प्रकाशसंवेदक करतो. 2007 च्या पहिल्या आयफोनमध्ये तो होता, आता स्वस्तातल्या फोनमध्येही असतो. त्याच्यावर उजेड पडला की बारीकसा प्रवाह वाहतो, त्यावरून फोन लक्स काढतो आणि इतक्या लक्सला इतके निट, असा मनाशी ठेवलेला आलेख पाहतो. हा आलेख सरळ रेषेत चालत नाही. गुस्टाव्ह फेख्नर या जर्मन शास्त्रज्ञानं 1860 च्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं की आपली जाणीव पटींमध्ये चालते. अंधाऱ्या खोलीत दुसरी मेणबत्ती लावली की खोली उजळते, दिव्यांनी भरलेल्या सभागृहात तीच लावली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून फोन रात्री दोन-चार निटचाही विचार करतो आणि दिवसा शेकड्यांत खेळतो.

त्याहून मला आवडते ती त्याची सबुरी. उजेड बदलला की लगेच पडदा बदलला, तर झाडांच्या सावल्यांतून जाणाऱ्या एसटीत फोन सारखा लुकलुकत राहील. म्हणून तो थांबून खात्री करून घेतो. अँड्रॉइडच्या मूळ आज्ञावलीत पडदा उजळण्याआधी चार सेकंद आणि मंदावण्याआधी आठ सेकंद थांबायची सोय केलेली होती. उन्हात आल्यावर दिसलं नाही तर अडचण लगेच होते, अंधारात पडदा थोडा वेळ जास्त उजळ राहिला तर चालतं. ज्यानं हा फरक ठेवला त्यानं माणसाच्या गरजेचा विचार केला होता. कोकण रेल्वेनं रत्नागिरीला आईकडे जाताना मी हे दरवेळी पाहते. लहान बोगदे फोनचा निर्णय होण्याआधीच संपतात. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला की मात्र डब्यातले पडदे एकेक करून मंद होत जातात, आणि कुणीही मान वर करत नाही.

हे सगळं मला ठाऊक असूनही आईची तक्रार उरलीच. "हा फोन मी हातात घेतला की तोंड पाडतो," ती म्हणायची. संध्याकाळी तिच्या खोलीत मला तोच पडदा अगदी ठीक दिसायचा. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर, गढूळ होतं. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्याच्या दृष्टिपटलावर सुमारे एक तृतीयांश उजेड पोचतो, आणि आई तर साठीच्या कितीतरी पुढे गेलेली. सेन्सर खोली मोजत होता आणि त्याची खोलीबद्दलची बातमी खरीच होती. आईचे डोळे त्याच्या हिशेबात नव्हते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर ती घरी आली आणि भिंतीकडे बघत राहिली. "ही एवढी पांढरी होती?" तिनं विचारलं. त्या दिवशी मला कळलं की आपण तिच्या डोळ्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

म्हातारपणी नुसता उजेड वाढवूनही भागत नाही. गढूळ भिंगात तीव्र प्रकाश पसरतो आणि डोळे दिपतात. शिवाय रात्रीचा उजळ पडदा झोपही लांबवतो. 2002 साली डोळ्यातल्या अशा पेशींबद्दल खात्री पटली, ज्या स्वतःच उजेड ओळखतात आणि शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात. निळसर प्रकाश त्यांना विशेष जाणवतो. त्यामुळे फोन कायम पूर्ण उजेडावर ठेवून दिला, हे उत्तर बरोबर नव्हे. पुष्कळ घरांत मात्र तेच केलेलं दिसतं.

2018 च्या अँड्रॉइडपासून फोन शिकू लागले. स्वयंचलित व्यवस्था चालू ठेवून आपण उजेडाची पट्टी सरकवली, तर एवढ्या उजेडात या माणसाला एवढं हवं, हे फोन ध्यानात ठेवतो आणि आपला आलेख बदलतो. आईचा फोन आता तिचा आलेख पाळतो. माझ्या हातात तो झगझगीत वाटतो आणि तिच्यासाठी तो बेताचा आहे.

तेव्हा घरातल्या वयस्कर माणसाला फोन द्याल, तर स्वयंचलित उजेड बंद करू नका. एकदा दुपारी खिडकीपाशी आणि एकदा दिवे लागल्यावर त्यांच्या नेहमीच्या जागी त्यांच्याजवळ बसा आणि पट्टी त्यांनाच सरकवू द्या. स्वतःच्या डोळ्यांनी ठरवू नका. काही दिवस हे करत राहा, फोनला शिकायला तेवढा वेळ लागतो. आणि वरच्या कडेला चिकटवलेली काच किंवा कव्हर सेन्सरवर आलं असेल, तर ते आधी काढा.