हिशेब साइटवरच लिहायला हवा

सरकारी कामे घेणाऱ्या छोट्या कंत्राटदाराला आयकराची किंवा जीएसटीची नोटीस आली की बाहेरच्यांना वाटते, याने काहीतरी दडवले असणार. त्याला स्वतःला वाटते, कुणीतरी तक्रार केली असणार. अशा कंत्राटदारांचे करविषयक हिशेब पाहणे हे माझे काम आहे, आणि माझ्या मते बऱ्याचदा हे दोन्ही तर्क चुकतात. एकाच कामाचा पैसा तीन ठिकाणी तीन आकड्यांनी नोंदला जातो; नोटीस निघते ती त्या फरकातून. जिल्हा परिषदेचे 50 लाखांचे रस्त्याचे काम घ्या. 18 टक्के जीएसटी धरून बिल 59 लाखांचे होते. पैसे देताना कार्यालय आयकराचा टीडीएस कापते, कंत्राटदार स्वतःच्या नावावर काम करत असेल तर 1 टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर 2. करार अडीच लाखांच्या वरचा असल्याने जीएसटीचा 2 टक्के टीडीएस वेगळा, बांधकाम कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकर वेगळा, शिवाय करारात ठरलेली सुरक्षा अनामत. बँकेत येणारी रक्कम त्यामुळे 59 लाखही नसते आणि 50 लाखही नसते. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर आयकराचा टीडीएस 50 लाखांवरच कापायचा, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 2017च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. तरीही एखाद्या कार्यालयाने तो 59 लाखांवर कापला, की आयकर खात्याच्या 26एएस या करकपातीच्या विवरणात 59 लाखांची जमा दिसते, विवरणपत्रात 50 लाख. संगणकाच्या लेखी हे 9 लाखांचे न दाखवलेले उत्पन्न ठरते.

मार्चअखेरीला हा गुंता वाढतो. फेब्रुवारीत मोजमाप पुस्तकात चढलेल्या कामाचे उत्पन्न कंत्राटदार त्याच वर्षात धरतो, निधी मात्र पुढच्या वर्षी येतो आणि टीडीएसही त्याच पुढच्या वर्षात दिसतो. थकीत देयकांसाठी राज्यातल्या कंत्राटदार संघटना वारंवार आंदोलने करत आल्या आहेत. त्या थकबाकीने रोकड अडते हे सगळ्यांना दिसते, पण तिच्यामुळे वर्षांची जुळणीही मोडते आणि हे फारसे कुणी बोलत नाही. जीएसटी तर बिल निघाले की भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. उशीर झाला तर 18 टक्के दराने व्याज.

खर्चाची बाजू याहून नाजूक आहे. सिमेंट, डांबर, खडी यांची बिले मिळतात. मजुरीचे बिल कोण देणार? मजूर बाहेरगावचे, काम संपले की निघून जाणारे, आणि पैसे मुकादमाच्या हाती. इथेच एक प्रश्न कायम अनुत्तरित राहतो: मुकादम हा मजुरी वाटणारा माणूस आहे की पोटठेकेदार? तो नुसता वाटप करत असेल तर हजेरीपट हवा, प्रत्येक मजुराची सही किंवा अंगठा हवा, आणि एका माणसाला एका दिवसात रोख 10,000 रुपयांच्या वर जाता कामा नये, नाहीतर तो खर्च नामंजूर होतो. तो पोटठेकेदार असेल आणि वर्षभरात त्याला लाखाच्या वर रक्कम जात असेल, तर टीडीएस कापायला हवा. न कापल्यास त्या खर्चातला 30 टक्के भाग नाकारला जातो. दोन्ही वाटा कायदेशीर आहेत. पण वर्षाच्या शेवटी वकिलाच्या किंवा सीएच्या टेबलावर एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेला हजेरीपट कोणत्याच वाटेने जात नाही. तो पाहून अधिकारी सगळ्याच वह्यांवर अविश्वास दाखवतो, वह्या फेटाळतो आणि नफा अंदाजाने ठरवतो. म्हणून माझा आग्रह आहे की कंत्राटदाराचा हिशेब साइटवर, काम चालू असताना, त्या दिवशीच लिहिला जावा.

यावर पहिला आक्षेप असतो तो 1961च्या आयकर कायद्यातल्या 44एडी कलमाचा, म्हणजे ठरावीक टक्क्याने नफा दाखवण्याच्या सवलतीचा. उलाढाल 2 कोटींच्या आत असेल, किंवा रोख जमा 5 टक्क्यांच्या आत ठेवून 3 कोटींच्या आत असेल, तर 8 टक्के नफा (बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के) दाखवावा आणि मोकळे व्हावे, वह्या कशाला? सवलत चांगली आहे, लहान कंत्राटदाराने ती जरूर घ्यावी. पण जीएसटीचा कायदा त्याला वह्यांतून सोडत नाही, आणि कामात खरोखर तोटा झाला तर तो सिद्ध करायला हातात काहीच उरत नाही. शिवाय ही योजना मध्येच सोडली तर पुढची पाच वर्षे तिच्यात परतता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे: चूक कार्यालयाची, मग धावपळ कंत्राटदाराने का करायची? या रागात तथ्य आहे. टीडीएसच्या विवरणपत्रात प्रत्येक बिलाचा क्रमांक आणि जीएसटीविना रक्कम देणे सरकारी कार्यालयांवर बंधनकारक व्हायला हवे. निम्म्या नोटिसांचे कारणच उरणार नाही, असे मला वाटते. पण तोवर चेहराविरहित तपासणीतला अधिकारी ना साइट पाहतो ना कंत्राटदाराला भेटतो. त्याच्यासमोर फक्त कागद असतो. 1 एप्रिल 2026 पासून 1961च्या कायद्याच्या जागी 2025चा आयकर कायदा आहे, कलमांचे आकडे बदलतात. कागदाची ही गरज बदलत नाही.

तेव्हा दर महिन्याला कामनिहाय एक तक्ता करावा: मोजमाप पुस्तकातली रक्कम, बिल, प्रत्येक कपात, बँकेतली जमा, 26एएसमधली नोंद, जीएसटीच्या पोर्टलवरची नोंद. फरक दिसला तर कार्यालयाला लगेच लेखी कळवावे आणि पोच घ्यावी, कारण दुरुस्ती विवरणपत्र भरण्याचा अधिकार कपात करणाऱ्यालाच आहे. चौथ्या तिमाहीचे विवरणपत्र 31 मेपर्यंत भरायचे असते आणि बदल्यांचे आदेशही साधारण त्याच सुमारास निघतात. पत्र एप्रिलमध्येच द्यावे, ज्या लेखापालाने बिल पाहिले आहे तो त्याच खुर्चीत असताना.